बहिणाबाई चौधरी : खिडकीबाहेरची शाळा



मागच्या पावसाळ्यात मी वर्गात सुगरणीची कविता शिकवत होते. फळ्याच्या डाव्या बाजूला शब्दार्थ लिहिले, उजव्या बाजूला कवयित्रीचा परिचय. जन्म, गाव, मृत्यू, काव्यसंग्रह. मुलांनी माना खाली घालून सगळं उतरवून घेतलं. आमची शाळा धुळे तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. कुंपणापलीकडे विहीर आहे, विहिरीवर एक बाभूळ झुकलेली आहे, आणि त्या दिवशी त्या बाभळीला सुगरणीचे सात खोपे लोंबत होते. वर्गाच्या खिडकीतून ते स्पष्ट दिसतात. तास सुरू होताना ती खिडकी मीच लावून घेतली होती, कारण मुलं बाहेर बघत होती!

घरी जाताना स्वतःचाच राग आला. ज्या बाईंची कविता मी शिकवत होते, त्यांनी ती खिडकीबाहेर बघूनच केली होती. म्हणून आज बहिणाबाईंचं चरित्र मी नेहमीच्या परिचयासारखं सांगणार नाही. त्या शिकल्या कशा, एवढंच आपण बघू.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी असोदे या गावी झाला. जळगावच्या अगदी जवळचं हे गाव. त्या वेळी जळगाव आणि धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळ्याला होतं. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. (हे मुद्दाम सांगते. आमच्याकडची मुलं विचारतात, त्या तर जळगावच्या, मग आपल्या कशा?) वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. शेतकऱ्याचं भरलेलं घर.

बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि शेवटपर्यंत आलं नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेरा वर्षं म्हणजे आपल्या हिशेबाने आठवीतली मुलगी. असोद्याच्या शेतातून उठून ती जळगावच्या चौधरी वाड्यात आली. तिथेही काम तेच. पहाटे जात्यावर बसायचं, मग चूल, मग शेत, मग पुन्हा चूल.

आता त्यांच्या गाण्यांची नावं बघा. पेरणी, कापणी, रगडणी, उफणणी. हे तर एका हंगामाचं वेळापत्रकच झालं. त्यांच्या प्रत्येक गाण्यामागे हाताने केलेलं एक काम आहे. धान्य मळून झालं की ते उफणावं लागतं. बाई उंचावर उभी राहते, टोपलीतलं धान्य वरून सोडते, वाऱ्याने भूस उडून बाजूला पडतं आणि जड दाणा सरळ खाली येतो. वारा पडला की काम थांबलं. टोपली धरून वाऱ्याची वाट बघत उभं राहिलेल्या बाईला वाऱ्याशी बोलावंसं वाटणारच, आणि बहिणाबाई त्याला घरच्या माणसाला बोलवावं तशा बोलावतात. विज्ञानाच्या पुस्तकात मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत उफणणी येते. एका ओळीत. मी ती ओळ कित्येक वर्षं शिकवली, पण सूप हातात घेऊन उभी कधी राहिले नव्हते.

बी रुजण्याचं त्यांचं एक गाणं आहे. मातीच्या कुशीत बी झोपलंय, वरून मातीचं पांघरूण, मग कोंब येतो, आणि कोंबातून दोन पानं फुटतात ती त्यांना जोडलेल्या हातांसारखी दिसतात. कल्पना सुंदर आहे, हे आपण सगळेच मुलांना सांगतो. पण दोनच पानं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते विचारलं आमच्या वर्गातल्या एका मुलीने. तिच्या घरी ज्वारी उगवली होती आणि तिला दोन पानं दिसली नव्हती. खरंच आहे. ज्वारीचं, बाजरीचं, मक्याचं पहिलं पान एकटं वर येतं, सुईसारखं गुंडाळलेलं. कपाशी, तूर, मूग यांची गोष्ट वेगळी. त्यांना सुरुवातीला पानांची जोडी दिसते. म्हणजे गाणं रचताना बहिणाबाईंच्या डोळ्यांसमोर कोणतं पीक असेल? खानदेशातली काळी जमीन आणि इथलं कपाशीचं वेड बघता मी कपाशी म्हणेन. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तूर म्हणालात तरी मी भांडणार नाही. सांगायचा मुद्दा असा, की त्यांनी ती दोन पानं वाकून, जवळून बघितली होती. आम्ही फुटक्या माठाच्या खापरात माती भरून एका बाजूला कपाशी आणि एका बाजूला ज्वारी पेरली. आठवडाभरात एकदलिकित आणि द्विदलिकित हा पाठ होऊन गेला. ते शब्द मी सगळ्यात शेवटी सांगितले.

मोटेचंही तसंच. आजच्या तरुण शिक्षकांपैकी कित्येकांनी मोट बघितलेली नसेल. चामड्याची मोठी पिशवी, तिला एका बाजूला सोंड. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल धावेच्या उतारावरून पुढे गेले की मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात पडतं, बैल मागे आले की ती रिकामी होऊन खाली जाते. एका विहिरीवर दोन मोटा चालत असताना बहिणाबाईंनी काय टिपलं? मोटा दोन, पण पाणी एकच. दोर वेगळे, पण झिजतात सारखेच. कुणी सांगून हे सुचत नाही. पाणी धरता धरता, त्याच त्या हालचाली रोज बघताना ते आतून उमटतं.

आता सुगरण. बहिणाबाईंच्या गाण्यात आई पिलांसाठी खोपा विणते, झाडाला पाळण्यासारखा टांगते, आणि तिच्याजवळ हत्यार काय, तर नुसती चोच. मग त्या माणसाकडे वळून त्याच्या हाताबोटांची आठवण करून देतात. मागच्या वर्षीचा तो खिडकीचा प्रकार झाल्यावर दोन दिवसांनी मी वर्ग बाहेर नेला. विहिरीला कठडा नाही, म्हणून आधी चुन्याने एक रेघ मारली, तिच्या पुढे कुणी जायचं नाही. दगड मारायचा नाही. एवढे दोनच नियम. काय बघायचं ते मी सांगितलं नाही, आणि खरं सांगते, हेच सगळ्यात अवघड गेलं. तोंडावर सारखा प्रश्न येत होता आणि तो गिळावा लागत होता. दोन मुली खोपे सोडून बाभळीच्या खोडावरच्या मुंगळ्यांकडेच बघत बसल्या. एकजण सगळा वेळ चप्पल चिखलात बुडवत होता. पण सात-आठ मुलं खोप्यांना चिकटली. त्यांनी मला अडचणीत आणलं.

विणणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा होता. दुसरा, चिमणीसारखा साधा दिसणारा पक्षी येऊन नुसता बसायचा, आत डोकावायचा, निघून जायचा. यातली आई कोण? त्यांनी विचारलं. मला माहीत होतं तेच मी सांगितलं, विणणारी ती आई. मुलांना पटलं नाही. कोंबडा रंगीत असतो, मोर रंगीत असतो, मग पिवळा तो नर असणार, असा त्यांचा हिशेब. घरी येऊन पुस्तक उघडलं तर मुलं बरोबर होती. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत नराचं डोकं पिवळं धमक होतं. गवताच्या, ताडाच्या पानांच्या चिरोट्या आणून खोपा विणतो तो नरच. तो अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर नर पुढचं काम करतो, खाली उतरणारी नळी विणतो. नाही पडला तर तो खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो. अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं हे मुख्यतः मादीचं काम.

मग बहिणाबाई चुकल्या का? हा प्रश्न मुलांनीही विचारला आणि त्यावर एक अख्खा तास गेला. माझं मत सांगते. सुगरण हा आपला शब्दच बाईमाणसाचा आहे, आणि ज्या बाईने एकटीने घर विणलं तिला त्या खोप्यात आईच दिसली. गाणं पक्ष्याची माहिती द्यायला रचलेलं नाही. पण मुलांना जे दिसलं तेही खरं आहे, आणि कवितेवरच्या प्रेमापोटी ते दाबून टाकायचं नाही.

एकटीने घर विणलं असं मी म्हटलं ते उगाच नाही. बहिणाबाई तीस वर्षांच्या असताना नथुजी गेले. पदरात ओंकार आणि सोपान ही दोन मुलं आणि काशी ही मुलगी. ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा, म्हणजे वडील गेले तेव्हा ते अगदी लहान. वाटण्या, भाऊबंदकी, शेत, कर्ज, हे सगळं त्या काळच्या विधवेच्या वाट्याला कसं येत असेल ते तुम्ही जाणता. त्यांचं एक गाणं ज्योतिषाला उद्देशून आहे. कपाळाचं कुंकू गेलं, आता तू माझ्या दारात येऊन हाताच्या रेषा वाचू नकोस, असा त्याचा भाव. बाकी त्यांनी रडगाणं फारसं गायलं नाही. काम करत राहिल्या आणि कामाबरोबर गात राहिल्या.

चौधरी वाड्यात शाळा शिरली ती मुलाच्या दप्तरातून. सोपानदेव शिकत होते. एकदा पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं त्यावर गाणं तयार! पुस्तकातला धडा रात्रभरात तिच्या स्वतःच्या बोलीत, तिच्या स्वतःच्या चालीवर उतरला होता. मुलाने ते वहीत लिहून घेतलं, आणि तिथून पुढे आईची गाणी तो टिपत गेला. नात्यातल्या पीतांबर चौधरी यांनीही काही टिपून ठेवली.

इथे जरा थांबा. निसर्गातून शिक्षण म्हटलं की आपल्यापैकी काहीजण एकदम भारावतात आणि बहिणाबाईंचं उदाहरण देतात. बघा, शाळेत न जाता केवढी प्रतिभा! मला हे बोलणं खटकतं. मुलाने लिहिलं म्हणून ती गाणी राहिली. त्याआधीची, जात्यावर, शेतात, विहिरीवर रचलेली कितीतरी गाणी हवेत विरली असणार, कारण ती रचणाऱ्या बाईच्या हातात अक्षर नव्हतं, आणि ते तिने नाकारलेलं नव्हतं, तिला मिळालेलंच नव्हतं. त्यांना याची जाणीव होती असं मला वाटतं. जळगावातल्या एका छापखान्यावर त्यांचं गाणं आहे. त्या यंत्राचा धडधडाट त्यांनी मोठ्या कौतुकाने ऐकला आहे, आणि गाण्याच्या शेवटी म्हणतात काय, तर कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र अडाणी तो अडाणीच राहतो. वाचता न येणाऱ्या बाईचे हे बोल आहेत. वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज थोडा बदलतो.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या. तोपर्यंत घराबाहेर त्यांना कवयित्री म्हणून जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. सोपानदेव एव्हाना स्वतः नावाजलेले कवी होते. त्यांनी आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे ती वाचून थक्क झाले आणि हे छापलंच पाहिजे म्हणून त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी हे पुस्तक आलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकं, रेडिओ, गाण्यांचे कार्यक्रम. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. सहल नेणार असाल तर तिथे जरूर न्या, आणि मुलांना जात्यापुढे जरा रेंगाळू द्या.

त्यांच्या भाषेबद्दल एक गोष्ट बोलायची राहिली. बहिणाबाईंची बोली लेवा घरांतली. आमच्या धुळ्याकडची अहिराणी तिच्याहून वेगळी, तरी आमच्या मुलांना ही गाणी पुण्याच्या मुलांपेक्षा लवकर कळतात. बहिणाबाई पेरनी, कापनी, उपननी म्हणतात. न आणि ण यांचा त्यांच्या तोंडी आपल्या पुस्तकासारखा भेद नाही. आपण कवितेच्या तासाला या गोडव्याचं कौतुक करतो आणि पुढच्याच तासाला निबंधात मुलाने पानी लिहिलं की लाल रेघ ओढतो. मीही ओढते. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, त्यात शंका नाही. पण बाभळीखालून आल्यावर मुलं जे सांगत होती ते अहिराणीत सांगत होती, आणि एरवी दोन वाक्यांत गप्प होणारी मुलं थांबत नव्हती. तेव्हापासून मी एक ठरवलंय. बाहेर बघितलेलं आधी घरच्या बोलीत सांगायचं, ते मी ऐकायचं, आणि लिहिण्याची वेळ दुसऱ्या दिवशी. लाल पेन त्या दिवशी कपाटात.

काही पालकांनी येऊन विचारलं, मुलांना उन्हात कशाला नेता, शेतातलं काम तर घरी आहेच, शाळेत निदान शिकवा तरी. त्यांचं म्हणणं मला हसण्यावारी नेता आलं नाही. शेतात राबणारं मूल आणि शेतात शिकणारं मूल यांत फरक आहे, आणि तो फरक शेतकऱ्याला आपल्याआधी कळतो. राबणाऱ्या मुलाला थांबून बघायला सवड नसते. ताराबाई मोदकांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. त्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तिथली आदिवासी मुलं दिवसा गुरं राखायला जायची, शाळेत येणार कुठून? मग शाळाच कुरणात गेली. मुलं गुरं राखता राखता शिकली. कुरणशाळा हा शब्द तिथूनच आला. मुलाच्या कामाला नावं न ठेवता त्या कामाच्या जागी अक्षर घेऊन जायचं. असोद्याच्या शेतात अशी एखादी कुरणशाळा पोहोचली असती तर, असा विचार मनात येतो आणि पुढे काय ते सुचत नाही.

आम्ही आता आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं बाहेर जातो. वर्कशीट नाही. ज्याला जे बघायचं ते त्याने निवडायचं आणि तेच पुढे बघत राहायचं. दर वेळी नवीन वस्तू घेतली की काही हाती लागत नाही, हे मुलांनीच एकमेकांना सांगितलं. मुंगळेवाल्या मुली अजून मुंगळ्यांवरच आहेत.

खोप्यांच्या गटात एक मुलगा आहे. वाचनात मागे, हजेरीत मागे. पण खोप्याच्या आत ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले असतात हे वर्गात फक्त त्यालाच माहीत होतं. शेतात पडलेला एक खोपा त्याने उसवून बघितला होता. तो माती कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाला, वाऱ्याने हलू नये म्हणून असेल, पण अजून बघायला पाहिजे. एक खोपा त्याने स्वतःचा म्हणून धरला आणि पक्षी किती खेपा घालतो त्याच्या रेघा वहीत मारायला लागला. तारीख आणि पुढे पाच-पाचच्या जुड्या. ऑगस्टभर आणि सप्टेंबरच्या काही दिवसांच्या रेघा आहेत. मग कपाशीची वेचणी सुरू झाली. वही माझ्या कपाटात आहे. शेवटच्या तारखेपुढे त्याने जागा सोडली आहे.